पाणबुड्याची पावले

बंगळूर शहरास समुद्र नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर ते वसले आहे आणि पूर्वेस वा पश्चिमेस, कोणत्याही किनाऱ्यास जावयाचे म्हटले तरी तीन-साडेतीनशे किलोमीटरांचा रस्ता तुडवावा लागतो. असे असूनही भारतीय पुरातत्त्वविद्येला किनाऱ्यावरून उचलून समुद्राच्या तळाशी नेणारे संशोधक शिकारीपूर रंगनाथ राव यांचे अखेरचे वास्तव्य याच शहरात होते, आणि ३ जानेवारी २०१३ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. आज याच शहरातील अनेक तरुण-तरुणी सुट्टीच्या दिवशी पोहण्याच्या तलावात उतरून, पाठीवर हवेचे नळकांडे बांधून, पाण्याखाली श्वास घेण्याचा अभ्यास करतात आणि मग मुरुडेश्वरची नेत्राणी, मालवण, गोवा किंवा अंदमान गाठतात.

या अभ्यासकांना पहिल्याच दिवशी एक प्रश्न पडतो, आणि तो पायांचा असतो. पायात चढवावयाची ती रबरी वल्ही, ज्यांना सर्वत्र फिन्स म्हणतात, ती कोणती घ्यावीत? आखूड की लांब, ताठ की लवचिक, अखंड पात्याची की मधोमध चिरलेली? दुकानदार एक सांगतो, गुरू दुसरे सांगतो. प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु त्याच्या मागे तीन शतकांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे. माणसाने पाण्यात पाय कसे मारावेत, या एका गोष्टीचा तो इतिहास होय.

आरंभी एक आश्चर्य नोंदवले पाहिजे. समुद्राच्या तळाशी जाणे हा मानवाचा फार जुना व्यवसाय असला, तरी त्या व्यवसायात पायांना फारसे काम नव्हते. मन्नारच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे दोरास बांधलेल्या जड दगडावर पाय रोवून तळाशी जात. दगड त्यांना खाली नेई. शिंपले गोळा झाले की होडीतील सोबती दोराने त्यांना वर ओढून घेत. जाणे दगडाच्या वजनाने, येणे सोबत्याच्या हाताने. दम मात्र पाणबुड्याचा. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपात धातूचे शिरस्त्राण आणि रबरी पोशाख आला, वरून नळीने हवा मिळू लागली. पण त्या पाणबुड्याच्या पायात शिशाचे तळ असलेले जड जोडे असत. तो पोहत नसे. तळावरून चालत असे. दोर आणि नळी यांनी तो वरच्या जगाशी जखडलेला होता. ज्याला ओढून घ्यावयाचे आहे किंवा ज्याला चालावयाचे आहे, त्यास पोहण्याच्या वल्ह्यांची गरजच कोठे?

विचारवंतांच्या मनात मात्र ही कल्पना आधीच उगवली होती. लिओनार्दो दा विंची याने बदकाच्या पायासारखे पडदे असलेल्या हातमोज्याचे चित्र काढून ठेवले होते. सतराव्या शतकातील इटालियन गणितज्ञ जोव्हान्नी बोरेल्ली याने प्राण्यांच्या हालचालींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १६८० व १६८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाण्याखाली वावरणाऱ्या एका माणसाचे चित्र असून त्याच्या पायांना पंजासारखी पाती जोडलेली आहेत. ही दोन्ही चित्रे कागदावरच राहिली.

प्रत्यक्ष पाण्यात उतरून प्रयोग करणारा पहिला नामांकित पुरुष म्हणजे अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन. विजेचा अभ्यासक आणि राजनीतिज्ञ म्हणून तो जगास ठाऊक आहे. परंतु बॉस्टनच्या किनाऱ्यावर वाढलेला हा मुलगा पट्टीचा पोहणारा होता. त्याने पोरवयात चित्रकाराच्या रंगफळीसारख्या दोन लंबगोल फळ्या तयार केल्या. त्या सुमारे दहा इंच लांब आणि सहा इंच रुंद असून त्यांस अंगठा घालण्यासाठी भोक होते. त्या हातात धरून तो अधिक वेगाने पोहू शकला, पण त्याची मनगटे दुखू लागली. मग त्याने तळपायांना एक प्रकारच्या वहाणा बांधून पाहिल्या. त्यांनी त्याचे समाधान झाले नाही, आणि त्याचे कारण त्याने स्वतःच पुढे एका पत्रात नमूद केले. पाय मारताना पाण्याला लागणारा रेटा केवळ तळपायाचा नसून काही अंशी पावलाच्या आतल्या बाजूचा आणि घोट्याचा असतो, असे त्याच्या ध्यानात आले होते.

या छोट्याशा निरीक्षणात पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. फ्रँकलिन ज्या रीतीने पोहत होता, तिच्यात पाय बेडकासारखे आखडून बाहेर फेकले जातात व पुन्हा जुळतात. आपल्याकडे पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहावयास शिकणारी मुले याच रीतीने पाय झाडत आली आहेत. या रीतीत पाण्याला मागे लोटण्याचे काम पावलाची आतली कड करते. वहाणेची फळी तळपायाला बांधली, तर ती नेमक्या त्या क्षणी आडवी येते. वस्तू वाईट नव्हती, रीतही वाईट नव्हती. दोघांची गाठ चुकली होती.

ही गाठ जुळविण्याचे श्रेय फ्रेंच नौदलातील अधिकारी लुई द कोर्लिय यास द्यावे लागते. त्याने १९१४ मध्ये आपल्या कल्पनेचे प्रात्यक्षिक काही नौदल अधिकाऱ्यांपुढे करून दाखविले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि ही गोष्ट मागे पडली. १९२४ मध्ये नौदल सोडून त्याने या कामास वाहून घेतले आणि १९३३ च्या एप्रिलमध्ये पोहण्यासाठी व बुडणाऱ्यांस वाचविण्यासाठी उपयुक्त अशा रबरी साधनाचे पेटंट मिळविले. कोर्लियचे पाते तळपायाखाली बांधलेले नव्हते. ते बोटांच्या पुढे पसरलेले होते. त्यामुळे पावलाची लांबी वाढली, आणि पाय सरळ ठेवून कमरेपासून खालीवर हलविले की पाण्याला मागचा रेटा मिळू लागला. आज जिला फ्लटर किक म्हणतात, ती आळीपाळीने पाय हलविण्याची रीत आणि रबरी पाते यांचे लग्न येथे लागले.

लॉस एंजल्सचा ओवेन चर्चिल हा १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकेच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविलेला गृहस्थ. ताहितीच्या प्रवासात तेथील पोहणाऱ्यांच्या पायांत अशी रबरी पाती त्याने पाहिली, आणि चौकशी करता कोर्लियच्या पेटंटचा त्यास पत्ता लागला. परवाना घेऊन त्याने १९४० मध्ये अमेरिकेत विक्री सुरू केली. पहिल्या वर्षी एक हजार जोडही खपले नाहीत. परंतु युद्धाने बाजारपेठ पालटली. शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्यापूर्वी पाण्यातील अडथळे शोधून सुरुंगाने उडविण्याचे काम ब्रिटिश आणि अमेरिकन नौदलांच्या पोहणाऱ्यांकडे आले, आणि त्यांच्या पायांत ही पाती चढली. लोकांनी त्यांना फ्रॉगमन, म्हणजे बेडूकमाणसे, असे नाव दिले. नाव बेडकाचे खरे; पण त्यांच्या पायांतील पाते खालीवर पाय मारण्यासच अधिक सोयीचे होते.

याच युद्धकाळात, १९४३ मध्ये, फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागणीप्रमाणे हवा देणारे श्वसनयंत्र सिद्ध केले. पाणबुड्याची हवा त्याच्या पाठीवर आली आणि दोर व नळी यांची बंधने तुटली. आता त्यास ओढून घेणारे कोणी नव्हते आणि शिशाच्या जोड्यांनी चालण्याचेही कारण नव्हते. तो पाण्यात तरंगू लागला, आणि त्याच क्षणी पायांवर सगळी भिस्त आली. फिन्सचा खरा इतिहास येथून सुरू होतो, तो एवढ्याचसाठी.

युद्धानंतर या साधनात झपाट्याने सुधारणा झाल्या. इटालियन नौदलाचा युद्धकाळातील नामांकित पाणबुडा लुइजी फेर्रारो याने १९५० नंतर लवकरच क्रेस्सी या कंपनीसाठी ‘रोंदिने’ नावाचे फिन घडविले. रोंदिने म्हणजे भिंगरी पक्षी. यात टाच सुटी न राहता सबंध पाऊल बुटासारखे आत बसे आणि पाते पावलाशी किंचित कोन करून खाली झुकलेले असे. पोहताना घोटा कितीही ताणला तरी पाऊल पायाच्या अगदी सरळ रेषेत येत नाही. तेवढा कोन पात्यालाच दिल्याने पायाचे श्रम वाचले.

येथे थोडे शास्त्र पाहणे इष्ट होय. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. पोहणारा पुढे जातो तो पाण्याला मागे ढकलून. थोडे पाणी फार वेगाने ढकलले तरी रेटा मिळतो आणि पुष्कळ पाणी सावकाश ढकलले तरी तितकाच रेटा मिळतो. परंतु दुसऱ्या मार्गाने शक्ती कमी खर्च होते, कारण वेग दुप्पट केला की त्यास लागणारी ऊर्जा चौपट होते. मोठे पाते अधिक पाणी हलविते, म्हणून ते किफायतशीर. पण पात्याचा आकार वाढला की मांड्या आणि पोटऱ्या यांवरील भारही वाढतो. पाय दमला की श्वास वाढतो, आणि श्वास वाढला की पाठीवरची हवा लवकर सरते. म्हणून फिनची निवड ही अखेर हवेच्या हिशेबाची गोष्ट ठरते.

हे पाते वल्हे आहे की पंख, असाही एक वाद आहे. ज्या शहरात १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने विमानांचा कारखाना उभा राहिला, त्या बंगळुरास पंखाचे गणित परके नाही. पंख केवळ हवा ढकलीत नाही. तिरप्या प्रवाहातून उचल निर्माण करतो. माशाच्या शेपटीत हेच घडते, आणि लांब लवचिक पात्यातही काही अंशी हेच घडते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मधोमध चिरलेल्या पात्याची फिन्स आली, तेव्हा त्यांच्या निर्मात्यांनी याच तत्त्वाचा आधार घेतला. दोन अर्धी पाती जहाजाच्या पंख्याप्रमाणे वळतात व उचल देतात, असा त्यांचा दावा. ही फिन्स गुडघ्यांना सुखावह असतात आणि छोट्या, जलद, खालीवर हालचालींना चांगली साथ देतात, हे वापरणाऱ्यांनी मान्य केले. मात्र त्यांनी बेडकाप्रमाणे पाय मारू गेल्यास पाते मऊ पडते, आणि मागे सरकावयाचे म्हटल्यास ते जवळजवळ निरुपयोगी होते.

बेडकाची रीत पुन्हा का आठवावी लागली, हा या इतिहासातील सर्वांत गंभीर भाग होय. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात चुनखडीच्या खडकांतून उगम पावणारे झरे आहेत, आणि त्यांच्या पोटात पाण्याने भरलेल्या लांबच लांब गुहा आहेत. त्यांचे पाणी स्फटिकासारखे, पण तळाशी बारीक गाळाचा थर. १९६० नंतर तेथे हौशी पाणबुडे उतरू लागले. त्यांना ठाऊक असलेली पाय मारण्याची रीत एकच, खालीवर. प्रत्येक खालच्या फटक्याबरोबर पाणी तळावर आदळे, गाळ उसळे, आणि काही क्षणांत दिव्याच्या प्रकाशातही स्वतःचा हात दिसेनासा होई. वर छत, मागे वाट अदृश्य, आणि हवा मोजकी. कित्येक जीव या गुहांत गेले. १९७९ मध्ये गुहांतील निष्णात पाणबुडा शेक एक्सली याने अशा अपघातांचे विश्लेषण करणारी पुस्तिका लिहिली. गुहेतील प्रवेशद्वारापर्यंत अखंड दोरी राखणे, हवेचा एकतृतीयांश भागच आत जाण्यास वापरणे, खोलीची मर्यादा पाळणे, हे नियम त्या अनुभवातून रुजले. आणि त्यांच्या जोडीला गाळ न उसळविता पोहण्याची शिस्त आली.

या शिस्तीत शरीर आडवे राहते, गुडघे वाकलेले असतात आणि पावले शरीराच्या पातळीच्या वर राहतात. दोन्ही पाय बाजूंना उघडून पात्यांचे तळ समोरासमोर आणीत जुळविले जातात. पाणी सरळ मागे जाते, खाली जात नाही. प्रत्येक रेट्यानंतर पाणबुड्या थोडा वेळ स्थिर घसरत जातो. तेवढ्यात पायांनाही विश्रांती मिळते. हीच फ्रॉग किक. हीच हालचाल उलट केली की मागे सरकता येते, आणि एक पाय पुढच्या, दुसरा मागच्या दिशेने चालविला की जागच्या जागी वळता येते.

या रीतीला योग्य साधन योगायोगाने आधीच तयार होते. १९६४ मध्ये मार्सेच्या जॉर्ज ब्यूशा याने जेट फिन बाजारात आणले होते. हे आखूड, रुंद, काळ्या रबराचे आणि भलतेच जड. पात्याच्या मुळाशी पाणी निसटण्यासाठी खाचा ठेवलेल्या. डौल काहीच नाही. पण त्याचे पाते ताठ असल्याने पायाची लहानशी कलाटणीही पाण्यापर्यंत पोचते, ते आखूड असल्याने तळास वा खडकास लागत नाही, आणि जड असल्याने तरंगू पाहणारे पाय खाली राहून शरीर समतोल होते. पुढे स्कूबाप्रो या कंपनीने ते चालू ठेवले, आणि गुहांतील व बुडालेल्या जहाजांतील पाणबुडे आजही या घाटाची फिन्स पसंत करतात.

तिसरी रीत डॉल्फिनची. दोन्ही पाय जुळवून, छातीपासून टाचेपर्यंत सबंध देहाची एक लाट करावयाची. १९७० नंतर सोव्हिएत संघातील जलतरणपटूंनी दोन्ही पायांना मिळून एकच रुंद पाते वापरण्यास सुरुवात केली, आणि वेगाच्या शर्यतींत त्याने जुन्या फिन्सना मागे टाकले. श्वास रोखून खोल जाणारेही असे पाते किंवा लांब सडपातळ पात्यांची जोडी वापरतात. पण पाठीवर नळकांडे, कमरेला वजने आणि हाती काम असलेल्या माणसास ही लाट परवडत नाही.

तेव्हा हिशेब असा मांडता येतो. प्रवाहाविरुद्ध बराच वेळ जावयाचे असेल, तर खालीवर पाय मारणे आणि त्यास साजेसे, मध्यम लवचिक, लांबट पाते. गुडघे दुखरे असतील व पाणी मोकळे असेल, तर चिरलेले पाते. गाळ, गुहा, जहाजाचे अवशेष किंवा प्रवाळ असेल, तर बेडकाची रीत आणि आखूड ताठ पाते. उबदार पाण्यात सबंध पाऊल झाकणारा बुटाचा प्रकार सुटसुटीत; खडकाळ किनाऱ्यावरून चालत उतरावयाचे असेल, तर जाड मोजा आणि टाचेला पट्टा असलेला प्रकार हितकर. नवशिक्याचा नेहमीचा दोष म्हणजे गुडघे सायकल चालविल्यासारखे वरखाली करणे. तो मात्र कोणत्याही किमतीच्या फिनने सुधारत नाही.

भारतात या प्रश्नाचे महत्त्व कोठे आहे, हे पाहावयाचे तर पुन्हा राव यांच्या कार्याकडे वळले पाहिजे. लोथलचा शोध लावणारे व तेथे उत्खनन करणारे हे संशोधक पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झाल्यावर, १९८१ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सुरू झालेल्या सागरी पुरातत्त्वाच्या प्रकल्पाचे नेते झाले. १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात त्यांच्या पथकाने शोध घेतला आणि दगडी बांधकामाचे अवशेष व दगडी नांगर उजेडात आणले. राव यांनी त्यांचा काळ फार प्राचीन मानला. पुढील संशोधकांनी त्यांतील बऱ्याच अवशेषांना नंतरच्या, ऐतिहासिक काळात घातले. हा वाद सोडविण्यास साधन एकच: कोणता दगड कोठे, कशाच्या वर, कशाच्या खाली पडला होता, याची बिनचूक नोंद. जमिनीवरील उत्खननात खोदणारा आपल्या पायाखालची माती जपतो. पाण्याखाली त्याच्या पायांच्या एका बेफिकीर फटक्याने गाळ उडतो, मोजपट्टी दिसेनाशी होते, आणि हलकी खापरे जागची हलतात. एकदा हललेली वस्तू पुरावा म्हणून निम्मी मुकी होते.

गोव्याच्या समुद्रातही याच संस्थेच्या संशोधकांनी बुडालेल्या जहाजांचा मागोवा घेतला. सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी मिळाली. सेंट जॉर्ज खडकाजवळच्या दुसऱ्या अवशेषांत बासेल मिशनच्या कारखान्याची, १८६५ हे वर्ष कोरलेली कौले आणि भाजलेल्या मातीची स्तंभशीर्षे सापडली. तीच कौले कोकणात व मंगळुराकडे आजही जुन्या घरांवर दिसतात. उथळ खडकाळ जागी लाटांची ओढ पाणबुड्यास पुढेमागे फेकीत असते. तेथे लांब पाते खडकात अडकते आणि आखूड पाते स्वाधीन राहते.

बंगळुराची ही विद्या आता हौसेची झाली आहे. शहाजीराजांची जहागीर असलेल्या या शहरातून निघालेले तरुण, त्यांच्या पुत्राने १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर उभारण्यास घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या तटाखालील पाण्यात उतरतात. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. या पाण्यातील प्रवाळ अत्यंत सावकाश वाढतो. त्याची एक फांदी पात्याच्या फटक्याने क्षणात मोडते आणि पुन्हा तेवढी होण्यास वर्षे लागतात. परतीच्या वाटेवर घाट चढून नऊशे मीटरांवर यावयाचे असल्याने बंगळूरकरांना आणखी एक नियम पाळावा लागतो. उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि रक्तात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. म्हणून शेवटच्या बुडीनंतर किनाऱ्यावरच एक रात्र काढणे शहाणपणाचे ठरते.

फ्रँकलिनच्या वहाणा फसल्या, कारण त्याने पाय कसा चालतो हे पाहण्याआधी पायाला फळी बांधली. कोर्लियने आधी पायाची चाल पाहिली, फ्लोरिडाच्या पाणबुड्यांनी आधी तळाचा गाळ पाहिला, आणि मगच साधन निवडले. बंगळुराच्या तलावात पहिल्यांदा उतरणाऱ्या विद्यार्थ्याने दुकानात जाण्यापूर्वी हाच क्रम धरावा: प्रथम पाणी कोणते, मग रीत कोणती, आणि सर्वांत शेवटी पाते कोणते. तसे केले, तर पुढेमागे द्वारकेच्या वा मालवणच्या तळाशी तो जाईल, तेव्हा शतकानुशतके तेथे पडून असलेला दगड त्याच्या मागून येणाऱ्यासही जागच्या जागी सापडेल.